५०२ मर्क्रूझर: हेडर्स घ्यावेत की साधे मॅनिफोल्डच? (कॅलिफोर्निया, डेल्टा)

डेल्टा_भटक्या
मंडळी, डिस्कव्हरी बे गावात माझी २४ फुटी बोट असते, १९९८ ची. इंजिन मर्क्रूझर ५०२ मॅग्नम एमपीआय, ४१५ हॉर्सपॉवर, ब्राव्हो वन ड्राइव्ह (स्टर्नड्राइव्ह, म्हणजे मागे बाहेर असणारा प्रोपेलरचा भाग). सगळं स्टॉक, कॅमसुद्धा (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) मूळचाच. कूलिंग थेट बाहेरच्या पाण्यावर.

यंदा राइझर (मॅनिफोल्डवरचे, धुरात पाणी मिसळून बाहेर नेणारे कोपरे) उघडले तर आतून लोखंडाचे पापुद्रे निघत होते. मेकॅनिक म्हणतो दोन्ही बाजूंचे मॅनिफोल्ड (सिलिंडरांचा धूर एकत्र करणारे ओतीव नळे) आणि राइझर बदला. खर्च होणारच आहे तर त्यांच्या जागी स्टेनलेसचे हेडर्स (प्रत्येक सिलिंडरला वेगळी नळी) का बसवू नयेत, असा किडा डोक्यात शिरलाय. बोट बहुतेक वेळ डेल्टाच्या (नद्यांच्या मुखाच्या) गोड्या पाण्यात असते, उन्हाळ्यात अधूनमधून कार्किनेझची सामुद्रधुनी ओलांडून सॅन फ्रान्सिस्को बेपर्यंत जातो. सीएमआयचे ई-टॉप, स्टेनलेस मरीन, लाइटनिंग अशी कंपन्यांची नावं ऐकलीत. काय घेऊ? वेग किती वाढेल? घरच्यांचं मत विचारू नका, आवाज आत्ताच पुरे आहे म्हणे.

मांडवा_जेट्टी
इकडे अलिबागला आमच्या सगळ्या आउटबोर्ड. धूर पंख्याच्या मधून पाण्याखाली जातो, विषय संपला. पण वाचतोय.

कॅमशाफ्ट
वेगाचं आधी बघू. पाण्यावर उचलून धावणाऱ्या (प्लेनिंग) बोटीचा वेग साधारण हॉर्सपॉवरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. समजा हेडर्सनी २५ घोडे मिळाले, ४१५ चे ४४० झाले, तर ताशी ६० मैलांचे पावणेबासष्टच्या आसपास होतील. जीपीएसवर दिसतील, बुडाला कळणार नाहीत. तेवढा फरक तर प्रोपेलरचा पिच नीट निवडूनही पडतो.

हेडर्सना अर्थ नाही असं मात्र नाही. बिग ब्लॉक शेवीचा (तुमचं ५०२ त्यावरच बनलंय) फायरिंग क्रम, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२. डाव्या बाजूला १, ३, ५, ७ हे सिलिंडर. म्हणजे ५ आणि ७ एकाच बाजूचे, शेजारशेजारचे, आणि लागोपाठ पेटतात. उजवीकडे ८ आणि ४ शेजारी नसले तरी तेही लागोपाठच पेटतात. साध्या ओतीव मॅनिफोल्डमध्ये ५ चा धूर अजून बाहेर पडतोय तोवर ७ चा त्याच्या अंगावर येतो. हेडरमध्ये प्रत्येकाची नळी वेगळी आणि पुढे जाऊन मिळणारी, त्यामुळे ही ढकलाढकली टळते. फायदा खरा आहे, पण तो वरच्या आरपीएमला आणि मोठा कॅम, चांगली हेड्स असतील तेव्हा दिसतो. स्टॉक कॅम फार तर पाच हजारांपर्यंत फिरतो, त्याला श्वास कोंडल्यासारखं कुठे होतं?

इंजिनमास्तर
कॅमशाफ्ट यांच्याशी सहमत, पण मी पैशापेक्षा पाण्याच्या बाजूने सांगतो. गाडीचे हेडर्स आणि बोटीचे हेडर्स यांत नाव सोडलं तर फारसं साम्य नाही. बोटीत इंजिन बंद खोलीत, खाली पेट्रोलची वाफ साचू शकते, म्हणून प्रत्येक नळीभोवती पाण्याचं जॅकेट. म्हणजे दुहेरी भिंत, शेकडो इंच वेल्डिंग आणि त्यातून गरम खारं पाणी. स्टेनलेसचा खरा शत्रू हाच. साठेक अंश सेल्सिअसच्या वर क्लोराइड असलेलं पाणी आणि धातूत ताण, दोन्ही एकत्र आले की वेल्डच्या कडेने बारीक तडे जायला लागतात. तडा आतल्या नळीला गेला तर बाहेरून काहीच दिसत नाही, पाणी सरळ व्हॉल्व्हवर. त्यामुळे "स्टेनलेस आहे, गंजत नाही" हे वाक्य दुकानात ऐकून सोडून द्या.

घ्यायचेच असतील तर धातू विचारा. ३०४ नको. ३१६ एल मागा. एल म्हणजे कार्बन कमी, वेल्डच्या आजूबाजूचा भाग लवकर खात नाही. किंवा ३२१, त्यात त्यासाठीच टायटेनियम असतं. आणि बेमधून आलात की इंजिन कोमट असतानाच गोड्या पाण्याने धुवायचं. उद्या धुवू म्हटलं की जॅकेटमधलं पाणी सुकतं आणि मीठ तिथेच राहतं.

स्टेनलेस मरीन या नावाला फसू नका, त्यांचे मॅनिफोल्ड ओतीव ॲल्युमिनियमचे असतात, राइझर स्टेनलेसचे. वाईट नाहीत, गोड्या पाण्यात उत्तम. खाऱ्यात मात्र ॲल्युमिनियमवर लक्ष ठेवावं लागतं.

डेल्टा_भटक्या
मास्तर, मग क्लोज्ड कूलिंग (इंजिनात बाहेरच्या पाण्याऐवजी कूलंट फिरवणारी बंद व्यवस्था) बसवलं तर हेडर्स वाचतील ना?

इंजिनमास्तर
नाही. अर्ध्या सिस्टिममध्ये कूलंट फक्त ब्लॉक आणि हेडमधून फिरतं. पूर्ण सिस्टिममध्ये मॅनिफोल्डमधूनही फिरतं, पण राइझरमधून बाहेरचंच पाणी जातं, कारण ते पाणी शेवटी धुराबरोबर बाहेर फेकायचं असतं. हेडर्सना सहसा बाहेरचंच पाणी देतात. ब्लॉक वाचेल, हेडर्स तसेच खाऱ्यात.

डेल्टा_भटक्या
बरं, अजून एक. ८.१ लिटरच्या इंजिनावरून काढलेली सीएमआयच्या हेडर्सची जोडी कोणीतरी विकतोय, किंमत निम्म्याहून कमी. दोन्ही बिग ब्लॉकच ना?

कॅमशाफ्ट
थांबा!! ८.१ लिटर म्हणजे ४९६ घन इंच, तुमचं ५०२. त्याच्या हेडवरची एक्झॉस्ट पोर्टची मांडणी वेगळी, फायरिंग क्रमसुद्धा १-८-७-२-६-५-४-३. तुमच्या जेन सिक्स (सहाव्या पिढीच्या) ५०२ ला ते बोल्टच होणार नाहीत. घासून, अडॅप्टर प्लेट लावून बसवू म्हणणारा कोणी भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

जुने घ्यायचे असतील तर प्रेशर टेस्ट केल्याशिवाय पैसे देऊ नका. पाण्याची सगळी तोंडं बंद करून वीसेक पीएसआय हवा भरायची आणि साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडा दिसला तर राम राम. आणि बाहेरून आरशासारखं चकचकीत दिसतंय याला काही किंमत नाही, पॉलिश कोणीही करतं.

सॅक्रामेंटोकर
आवाजाचं कोणी बोललं नाही म्हणून. कॅलिफोर्नियात १ जानेवारी १९९३ ला किंवा नंतर बनलेल्या इंजिनाला उभ्या बोटीच्या चाचणीत ८८ डेसिबल मर्यादा, त्याआधीच्यांना ९०. किनाऱ्यावरून मोजलं तर ७५. डेल्टातल्या अरुंद कालव्यांत दोन्ही काठांवर घरं आहेत, तिथे ७५ लगेच ओलांडतं. हेडर्सबरोबर ट्रान्सममधून (बोटीच्या मागच्या भिंतीतून) सरळ बाहेर जाणारे पाइप येतात, तेव्हा मफलर किंवा कॅप्टन्स कॉलसारखा, धूर पाण्याखाली वळवणारा झडपेचा सेट धरूनच हिशोब करा.

अजून एक फायदा-तोटा: तुमची बोट २०१० च्या आधीची आहे. त्या मॉडेल वर्षापासून ईपीएच्या (अमेरिकेची पर्यावरण संस्था) नियमामुळे बहुतेक इनबोर्ड आणि स्टर्नड्राइव्ह पेट्रोल इंजिनांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागले. त्यांचे मॅनिफोल्ड काढून हेडर्स लावणं बेकायदा. तुम्ही त्यातून सुटलात.

आणि मागच्या प्लॅटफॉर्मवर मुलं बसत असतील तर धूर कुठे पडेल ते बघा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्यापायी माणसं गेली म्हणूनच इथे चालत्या बोटीच्या मागे फळीला धरून लटकायला कायद्याने बंदी आहे.

वेगवान_बाळ
सगळे घाबरवतायत राव. अहो ५०२ आहे, त्याला तो घरघराट शोभतो. हेडर्स लावा, मजा करा. हॉर्सपॉवर कोण मोजतंय.

इंजिनमास्तर
बाळासाहेब, मजेला ना नाही. पुढे कॅम बदलणार असतील तर मीही हेडर्सच सांगेन. पण तेव्हा रिव्हर्जनचा (धूर उलटा आत येण्याचा) प्रश्न येतो. मोठ्या कॅमला ओव्हरलॅप जास्त, आयडलला दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असतात आणि एक्झॉस्टमधला पल्स उलटा आत ओढला जातो. त्याबरोबर पाण्याचे थेंब वर चढतात, व्हॉल्व्हची बसण्याची जागा गंजते. वाईटात वाईट म्हणजे सिलिंडरमध्ये पाणी भरून कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून तिथे पाणी जवळजवळ ट्रान्समपर्यंत जॅकेटमधूनच नेणारे ड्राय टेल लागतात. म्हणजे अजून खर्च, अजून आवाज. भटक्यांचा कॅम स्टॉक आहे, त्यांना यातलं काहीच नको.

माझं मत: ओतीव लोखंडाचा नवा सेट, गॅस्केट आणि राइझरसकट. खाऱ्यात पाच-सात वर्षं जातात, तुमच्या पाण्यात बरीच जास्त जायला हवीत. तुमच्या वयाच्या इंजिनात मॅनिफोल्ड आणि राइझरचा जोड ओला असतो, पाणी आणि धूर दोन्ही एकाच गॅस्केटवरून. तेच दुखणं आहे. दर दोन-तीन वर्षांनी राइझर उचलून बघायचे, दुसरं काही नाही.

आणि सेट घेण्याआधी लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजणं) करा. पापुद्रे निघाले म्हणजे पाणी आत गेलं असेलच असं नाही, पण प्लग काढल्यावर एखाद्यावर गंज दिसला तर आधी हेड उघडावं लागेल, मग हेडर्सचा विषय आपोआप मागे पडतो.

डेल्टा_भटक्या
प्लग बघितले. आठातले सात स्वच्छ, ७ नंबरच्यावर तांबूस डाग. लीक-डाउन या शनिवारी. हेडर्सची टॅब बंद केली आहे, वेगवान_बाळ यांनी माफ करावं. लोखंडी सेटमध्ये मर्क्युरीचाच (मर्क्रूझरचीच कंपनी) घेऊ की बार कंपनीचा?

कॅमशाफ्ट
दोन्ही चालतात. बारचा घेतलात तर राइझरही त्यांचाच घ्या, मिसळू नका. जोडाचा पृष्ठभाग नवा असला तरी सरळपट्टी ठेवून तपासा. गॅस्केटखाली पाण्याची भोकं जुळतात का ते बसवण्याआधी बघा, आणि इंजिन पहिल्यांदा तापून थंड झाल्यावर बोल्ट पुन्हा टॉर्क करा. ७ नंबरचं काय निघालं ते इथेच कळवा, त्यावर पुढचं.