मदत हवी आहे: बंद पडलेला फोर बाय फोर पिकअप टाटा 407 च्या मागं ओढून न्यायचा आहे

नमस्कार भाऊ लोक, आमचा फोर बाय फोर पिकअप आलापल्लीजवळ इंजिन जाम होऊन उभा आहे आणि चंद्रपूरच्या मिस्त्रीकडे न्यायचा आहे, आष्टी गोंडपिपरी मार्गे शंभराच्या वर किलोमीटर होते. क्रेनवाला परवडत नाही म्हणून काकांच्या 407 च्या मागं चारही चाकं रोडवर ठेवून ओढत न्यायचा विचार आहे.

आता खरी भीती गिअरबॉक्सची. फोर बाय फोरच्या लिव्हरवर टूएच (फक्त मागची चाकं), फोरएच (चारही चाकं), फोरएल (चारही चाकं, हळू पण जास्त जोर) एवढंच आहे, ट्रान्सफर केसला (गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा) न्यूट्रल नाही. गिअर न्यूट्रलला ठेवून टूएचमध्ये ओढलं तरी मागची चाकं प्रोपेलर शाफ्ट (चाकांकडे जोर नेणारा लांब दांडा) फिरवतात, त्यातून आतला मेन शाफ्ट फिरते, पण इंजिन बंद म्हणजे खालचे गिअर फिरत नाहीत आणि तेल वर उडत नाही, बेअरिंग कोरडी जळते. हे बरोबर ना? मग मागचा प्रोपेलर शाफ्ट काढूनच न्यावा का? आणि तो ट्रान्सफर केसमधून ओढून निघणारा असला तर तिथून तेल गळणार, ते तोंड कशानं बंद करता तुम्ही? पुढचे हब फ्री केले, म्हणजे पुढची चाकं शाफ्टपासून सुटी केली, तर पुढचा शाफ्ट राहू द्यायचा का?

दोर नको, रॉडच लावणार, कारण इंजिन बंद असलं की ब्रेकला जोर देणारा बूस्टर नाही, ब्रेक दगडासारखा होते, स्टेअरिंग पण जड. आत लहान भाऊ बसणार आहे, म्हणून जास्त काळजी. रॉड चेसिसला कुठं बांधावा? बंपरला तर नकोच.

कोणी स्वतः नेली असेल त्यानं सांगजा भाऊ, रविवारी पहाटे निघायचं आहे.