जीपची डिझेल टाकी सीटखालून काढून मागे न्यावी का?

पांझराकाठ (धुळे):
गाडी जुनी सीजे ३बी, आत प्यूजोचं डिझेल इंजिन. टाकी कंपनीने दिली तिथेच आहे, म्हणजे ड्रायव्हरच्या सीटखाली. बुडाला गंज धरून ती पाझरायला लागली आहे, तेव्हा बदलणं आलंच. वाद एवढाच की नवी टाकी जुन्या जागी बसवायची, की मागच्या एक्सलच्या पलीकडे, चासीच्या दोन बीममध्ये टांगायची.

माझं मत मागे. डिझेल भरायचं तर आधी स्वतः उतरा, सीट उचला, मग पंपावरचा पोरगा नळी खुपसणार आणि शेवटचा फेस फ्लोअरवर सांडणार. पुढचे दोन दिवस कपड्यांना वास. त्यात जुन्या टाकीत चाळीसच्या आसपास लिटर मावतात. शहाद्याच्या पुढे सातपुड्यात शिरलं, धडगाव-मोलगीकडे भटकलं, की सगळं लक्ष काट्यावर. मागे साठ लिटरची आरामात बसेल. आणि खरं सांगायचं तर इंधनाच्या डब्यावर बसून गाडी चालवणं मला कधीच पटलेलं नाही.

गॅरेजवाला (चाळीसगाव):
भाऊ, बसून चालवणं पटत नाही, मग मागून ट्रकने ठोकलेलं पटेल का? सुरत-नागपूर हायवेवर तुमच्या मागे काय काय धावतं ते तुम्हाला माहीत आहे. एक्सलच्या मागे टाकी म्हणजे बंपर आणि टाकी यांच्यात वीतभर जागा. अमेरिकेत फोर्ड पिंटोचं याच कारणाने नाव खराब झालं, १९७८ मध्ये गाड्या परत बोलवाव्या लागल्या. १९९३ ते १९९८ च्या जीप ग्रँड चेरोकीची टाकीही एक्सलमागेच होती. त्याही २०१३ मध्ये परत बोलवल्या आणि उपाय काय, तर मागे टो हिच, म्हणजे ट्रेलर ओढायचा लोखंडी आकडा, बसवून दिला. कंपनीची ही गत, तर आपण कोपऱ्यावरच्या वेल्डरकडून करून घेणार.

दुसरं म्हणजे नाल्यातून वर चढताना या जीपचं शेपूट आधी घासतं. तिथेच टाकी लटकवली की पहिला धोंडा तिलाच.

पांझराकाठ:
पिंटो आणि चेरोकी, दोन्ही पेट्रोलच्या. पेट्रोलची वाफ कडाक्याच्या थंडीतही पेट घेते. डिझेलवर काडी टाकली तर विझते. तुलना चुकीची आहे.

भुसावळकर:
काडी विझते ती थंड डिझेलवर. आपल्याकडे डिझेलच्या फ्लॅश पॉइंटचा, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते त्याचा, किमान निकष ३५ अंश आहे. मे महिन्यात भुसावळला सावलीतच ४५ असतं. त्यात डांबराची धग आणि शेजारून जाणारा सायलेन्सर. डिझेल सुरक्षित आहे, पण पेट्रोलच्या मानाने. टाकी फुटून तापलेल्या पाइपावर फवारा उडाला तर ते पेटतंच.

अक्राणीचा वाटसरू:
मी पांझराकाठच्या बाजूने. वर बसून सल्ले देणाऱ्यांनी एकदा तोरणमाळचा घाट उतरून खालच्या पाड्यांकडे जाऊन बघावं. फोर-लो मध्ये, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या सगळ्यात हळू गिअरमध्ये, गाडी किती पिते त्याचा हिशेब हायवेवर लागत नाही. सीटमागे जादा डिझेलचा कॅन बांधला तर तो रस्ताभर आदळतो आणि वास सगळ्यांना. मागे मोठी टाकी, खाली तीन-चार मिमीची जाड प्लेट, विषय संपला.

गॅरेजवाला:
विषय तिथेच सुरू होतो. प्लेट आणि टाकीच्या फटीत आपली काळी माती जाऊन बसते. कपाशीच्या रानातला चिखल वाळला की सिमेंट होतो आणि पावसाळाभर ओल धरून टाकी बाहेरून खातो. प्लेटला मोठी भोकं पाडा, टाकीखाली रबराच्या पट्ट्या द्या, वॉशिंगला पाण्याचा फवारा आत पोचला पाहिजे. हे कोणी करत नाही. दोन वर्षांनी गाडी येते तेव्हा प्लेट ठणठणीत आणि टाकीची चाळण.

आरसीबुक (नंदुरबार):
कायद्याचं कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. गाडीत बदल करण्याबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. टाकी गंजली म्हणून तशीच नवी, त्याच जागी बसवणं ही दुरुस्ती. चासीला ब्रॅकेट मारून मागे नेणं हा बदल.

अक्राणीचा वाटसरू:
आरसी बुकात टाकीची जागा लिहिलेली असते का हो साहेब?

आरसीबुक:
नसते. अपघात झाला की विमा कंपनीचा सर्व्हेअर फोटो काढतो, त्यात दिसते. क्लेमच्या वेळी बोला मग.

सायबर खापर:
दोन्ही बीमच्या बाहेर, फूटबोर्डखाली एकेक छोटी टाकी लावली तर? मागून धोका नाही, शेपूट मोकळं.

गॅरेजवाला:
नको. जनरल मोटर्सने १९७३ ते १९८७ च्या पिकअपमध्ये चासीच्या बाहेर टाक्या दिल्या होत्या, बाजूने धडक बसली की आगी लागायच्या. वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या चालल्या. टाकी दोन बीमच्या आत आणि दोन एक्सलच्या मध्ये, याहून चांगली जागा नाही. या जीपमध्ये ती आधीपासूनच दोन एक्सलच्या मध्ये आहे. साठ लिटर डिझेल म्हणजे पन्नास किलो, ते शेपटाला लटकवलं तर चढावर पुढचं तोंड हलकं होणार ते वेगळंच.

आणखी एक. सीटखालून इंजिनाच्या फीड पंपापर्यंत पाइप हातभर आहे. मागून आणलात तर अख्ख्या गाडीची लांबी. फीड पंप ओढून घेतो, ढकलत नाही. जॉइंटला केसाएवढी फट असली तरी डिझेल खाली गळत नाही, उलट हवा आत जाते. थेंब दिसत नाही म्हणून दोष सापडत नाही. गाडी एअर घेते, घाटात बंद पडते, मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करून प्रायमर, म्हणजे हवा काढायचा हातपंप, मारत बसा.

पांझराकाठ:
हा मुद्दा वजनाचा आहे, मानतो. पण सांडणं आणि वास यावर कोणी काही बोललं नाही. माझं अर्धं दुखणं तेच आहे.

गिरणेकाठची (जळगाव):
दादा, तुमचं दुखणं टाकीच्या जागेचं नाहीच, तोंडाचं आहे. नवी टाकी करताच आहात तर तिचं तोंड सीटखाली ठेवू नका, बॉडीच्या बाजूने बाहेर काढा. नळी सलग उताराची हवी, मध्ये पोट आलं की पंपावर उलटी मारते. जोडाला डिझेलचा रबरी होज, पाण्याचा नको. ब्रीदरची, म्हणजे टाकीत हवा येण्याजाण्याची, नळी तोंडापेक्षा उंच नेऊन वळवा आणि गाडी कलंडली तर बंद होणारा व्हॉल्व्ह लावा. माझ्या वडिलांच्या जीपला असंच केलंय, पंपावर कोणाला उतरावं लागत नाही. गळ्यापर्यंत भरू मात्र नका. उन्हात चाळीस लिटरमागे अर्धा-पाऊण लिटर सहज फुगतं.

बनवणाऱ्याला दोन गोष्टी ठणकावून सांगा: गॅल्व्हनाइजचा पत्रा वापरायचा नाही, जस्ताने डिझेल खराब होतं. आणि आत आडव्या पट्ट्या द्यायच्या, नाहीतर वळणावर डिझेल एका बाजूला पळतं आणि इंजिन हवा ओढतं.

भुसावळकर:
जुन्या टाकीला झाळ मारून घ्यायचा मोह कोणाला होत असेल तर तोही नको. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा वाईट, आत वाफ असते.

अक्राणीचा वाटसरू:
तोंड बाहेर काढलं, छान. लिटर चाळीसच राहिले ना? आमनाकडे पंप लांब से, ते कोण सांगणार?

गॅरेजवाला:
धुळ्याहून तोरणमाळ जाऊन-येऊन तीनशेच्या आसपास किलोमीटर. लिटरला दहा धरले तरी चाळीसात चारशे. जंगलात निम्मं ॲव्हरेज धरा आणि शहाद्याला टाकी भरून वर चढा.

अक्राणीचा वाटसरू:
शहाद्याला भरून मोलगीमार्गे अक्कलकुवा उतरा, मग बोलू.

पांझराकाठ:
तोंड बॉडीबाहेर काढायचं तर टबच्या, म्हणजे बॉडीच्या, पत्र्याला भोक पाडावं लागेल. आरसीबुक साहेब, तो बदल धरायचा की दुरुस्ती?

आरसीबुक:
लेखी विचारा. आरटीओच्या खिडकीवर तोंडी मिळालेलं उत्तर माणूस बदलला की बदलतं.