पडके, ओस, बेवारस, बेचिराख : छायाचित्राखाली कोणता शब्द लिहावा?

विचारणा

सोलापूरहून सुट्टीच्या दिवशी गाडी काढून बार्शी, करमाळा, मंगळवेढा, अक्कलकोट या बाजूंची लहान गावे फिरायची आणि तिथली बंद घरे, ढासळलेले वाडे, दुर्लक्षित गल्ल्या यांची छायाचित्रे काढायची, असा आमच्या लहानशा गटाचा छंद आहे. चित्राखाली ओळ लिहिताना मात्र दर वेळी अडते. ओसाड, उजाड, पडके, पडीक, बेवारस, परित्यक्त यांपैकी कोणता शब्द कुठे वापरावा, हे जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद

हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत, कारण ते निरनिराळ्या गोष्टी सांगतात. ‘पडके’ हे फक्त बांधकामाविषयी आहे. पडक्या घरात माणसे राहत असू शकतात आणि आपल्याकडे राहतातही. ‘ओस पडणे’ हे माणसे निघून जाण्याविषयी आहे, मग भिंती धडधाकट असल्या तरी घर ओसच. ‘पडीक’ जमिनीला शोभतो, घराला नाही. ‘परित्यक्त’ व्याकरणाने निर्दोष आहे, पण मराठी कानाला त्यातून नवऱ्याने टाकलेली बाई ऐकू येते, म्हणून घरासाठी तो टाळावा हे बरे.

सर्वांत चुकीचा वापर होतो तो ‘बेवारस’चा. ज्याला वारस नाही ते बेवारस. आपल्या भागातल्या बहुतेक बंद वाड्यांची गोष्ट नेमकी उलटी असते : वारस इतके असतात की मिळकत पत्रिकेवर नावांची रांग लागलेली असते, एकट्याला विकता येत नाही, आणि सामाईक घरावर दुरुस्तीचा खर्च करायला कोणीही पुढे येत नाही. दाराला कुलूप दिसले म्हणून घर बेवारस ठरवणे हे शब्दाच्या दृष्टीने चूक आहेच, शिवाय ज्यांचे ते घर आहे त्यांना झोंबणारे आहे. फोटो काढायला आत शिरण्यापूर्वी शेजारी विचारले, तर बहुधा पाच मिनिटांत धनी कोण ते कळते.

दुसरा प्रतिसाद

वरील मांडणीत ‘बेचिराख’ हा शब्द जोडावासा वाटतो. आज तो आपण ‘जळून राख झालेले’ या अर्थाने वापरतो, पण ही ‘राख’ मागाहून कानाने जोडलेली आहे. मूळ फारसी ‘बे-चिराग’, म्हणजे दिवा नसलेले; ज्या गावात दिवा लागत नाही, म्हणजे वस्तीच उरलेली नाही, ते गाव बेचिराख. आगीचा त्याच्याशी संबंध नाही. घरांच्या चित्रांसाठी मला हा शब्द फार नेमका वाटतो. मात्र आजचा वाचक त्यातून जाळपोळच समजेल, त्यामुळे एकट्या शब्दावर ओळ सोडता येणार नाही.

उजनीच्या कडेला जाणाऱ्यांनी ‘ओसाड’ लिहू नये. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणात भीमाकाठची गावे गेली. तिथे लोक ‘गाव उठले’ असे म्हणतात, आणि त्या क्रियापदात आपण होऊन सोडणे नाही, उठवले जाणे आहे. उन्हाळ्यात पाणी उतरले की इंदापूर तालुक्यात पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते आणि छायाचित्रकारांची गर्दी होते. त्या चित्राखाली ‘बुडीत गाव’ किंवा ‘उठलेले गाव’ हेच खरे.

पुन्हा विचारणा

आभारी आहे. एक प्रकार अजून सुटत नाही : दर्शनी भिंत, चौकट, कुलूप सगळे शाबूत, आणि फटीतून पाहिले तर आत थेट आभाळ. याला काय म्हणावे? आणि गिरणी चाळींच्या गल्ल्यांना?

तिसरा प्रतिसाद

त्याला गावात सरळ ‘माळवद पडलेले घर’ म्हणतात. लाकडी तुळयांवर फळ्या, त्यावर पाला आणि मातीचा जाड थर, असे हे सपाट छप्पर असते. दर पावसाळ्याआधी त्यावर पांढरी माती टाकून चोपावी लागते. घर बंद राहिले की ते काम थांबते, पाणी मुरते, तुळया कुजतात आणि मातीच्या वजनाने छप्पर आत बसते. दगडी भिंती मात्र तशाच उभ्या राहतात. म्हणून ‘पडके घर’पेक्षा ‘माळवद पडलेले बंद घर’ लिहा, त्यात घर कसे गेले तेही येते.

चाळींबाबत जपून. सोलापुरात १८७७ साली सुरू झालेली ‘जुनी मिल’ ही कापडगिरणी बंद पडली, पुढे इतर गिरण्याही थांबल्या. पण गिरणी बंद पडली म्हणजे चाळ ओस पडली असे होत नाही. दोरीवर कपडे वाळत असताना ‘उजाड वस्ती’ लिहिणे हे खोटेच. ‘भकास’ हा तर पाहणाऱ्याच्या मनाचा शब्द आहे, जागेचा नव्हे. ‘मोडकळीस आलेली चाळ’ पुरेसे आहे. ‘धोकादायक’ हा शब्दही सहज वापरू नये, कारण महापालिका आपल्या अधिनियमाच्या (महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम) कलम २६४ खाली नोटीस देते तेव्हा त्याला कायद्याचा अर्थ असतो आणि राहणाऱ्यांना घर सोडावे लागू शकते.

जाता जाता : प्रत्येक मोठ्या जुन्या घराला ‘वाडा’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. उंचवट्यावरची, बुरूज असलेली पाटला-देशमुखांची वास्तू असेल तर ती गढी. तिच्या भिंती खचण्यामागे पाऊस जितका असतो, तितकेच माळवदासाठी तिची पांढरी माती उकरून नेणारे गावकरीही असतात.