डी. एन. रोडच्या गाळ्यांमधे आधी कोण होतं हे कसं शोधायचं? मदत हवी आहे

मंडळी, मुंबईच्या दादाभाई नौरोजी रोडची, म्हणजे जुन्या हॉर्नबी रोडची, व्हीटी ते फ्लोरा फाउंटन अशी इमारतवार यादी करायला घेतलीय. इमारत कुणी बांधली एवढंच नकोय, खालच्या गाळ्यांमधे कोण कोण धंदा करून गेलं तेही हवंय.

इमारतींचं तसं जमतंय. १८६० च्या दशकात फ्रियर गव्हर्नर असताना किल्ल्याची तटबंदी पाडली, रस्त्याला जागा मिळाली, मग १८९६ च्या नियमाने रस्त्यालगतच्या इमारतींना खाली कमानींचा झाकलेला फुटपाथ सोडणं सक्तीचं झालं, म्हणून वरती एक इमारत गॉथिक आणि शेजारची भलत्याच शैलीतली असली तरी खालून पावसात न भिजता चालत जाता येतं (हा नियम ज्याच्या डोक्यातून आला त्याला साष्टांग नमस्कार).

घोडं अडलंय ते भाडेकरूंपाशी. मोठ्यांचं सापडतं. व्हाइटअवे लेडलॉचं डिपार्टमेंट स्टोअर होतं तिथे १९४६ मधे खादी भांडार आलं, किंवा १८७९ चं गेटी थिएटर पुढे कॅपिटॉल सिनेमा झालं, हे कुठेही वाचायला मिळतं. पण चष्मेवाले, शिंपी, फोटो स्टुडिओ, टाइपरायटरवाले, वरच्या मजल्यांवरच्या एका खोलीतल्या कंपन्या, यांचं काय? जुन्या फोटोत पाटी दिसते पण ती नेमकी कुठल्या इमारतीवर आहे तेच कळत नाही. प्रॉपर्टी कार्ड काढलं तर त्यात दुकानदार सापडेल का? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १:
प्रॉपर्टी कार्डावर मालक किंवा लीजवाला सापडेल, दुकानदार नाही. तरी सीएस नंबर (जागेचा सिटी सर्व्हेचा भूमापन क्रमांक) आधी काढाच, इमारतीचं नाव बदलतं, नंबर सहसा टिकतो. दुकानांसाठी थॅकर्सच्या जुन्या डिरेक्टऱ्या बघा, त्यात धंदेवार याद्या असतात, सगळी वर्षं चाळत बसू नका, पाच-पाच वर्षं सोडून घ्या आणि मधे नाव गायब झालं तरच मधली वर्षं उघडा. सोबत त्या काळातल्या पेपरातल्या जाहिराती. दुकान हलवलं की लोक नवा पत्ता छापायचे, शेजारची खूणही द्यायचे, तुमची पाटी तिथेच जागेवर बसेल. १९४८ च्या दुकान कायद्यानंतरचं हवं असेल तर गुमास्ता लायसन, म्हणजे दुकानाच्या नोंदणीचा दाखला, जुन्या दुकानांत अजून फ्रेम करून लावलेलं असतं.

प्रतिसाद २:
कोर्टाचे निकाल वाचा!! १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली, त्यामुळे दुकानदार जागा सोडेना आणि मालकाला डागडुजी परवडेना, मग भांडणं स्मॉल कॉज कोर्टात आणि तिथून अपील होत होत हायकोर्टात. अशा निकालात कुठला गाळा, भाडेकरू कधीपासून, पोटभाडेकरू कोण, भागीदारी कधी मोडली, सगळं लिहिलेलं असतं. माझ्या मते या रस्त्याचा अर्धा इतिहास तिथेच आहे. फक्त वकील जे म्हणतो ते खरं धरू नका, कोर्टाने काय मानलं ते बघा.

शिवाय वास्तुविशारद आभा लांबा यांनी या रस्त्याच्या पाट्या सुधारायचं काम केलं होतं, कमान झाकणारे बोर्ड काढून कमानीच्या आत बसवले, त्याला युनेस्कोने दादही दिली. त्या वेळची कागदपत्रं बघायला मिळाली तर १९९० च्या दशकाच्या शेवटी कुठे काय होतं ते कळेल, तिथून उलटं मागे जा.

धागाकर्ता:
दोघांचेही खूप आभार, कोर्टाचं तर डोक्यातच आलं नव्हतं. आता खादी भांडाराच्या बाजूपासून सुरू करतो. एक उपप्रश्न, हायकोर्टाचे १९५०-६० च्या दशकातले निकाल पत्त्यावरून शोधता येतात का, की पक्षकाराचं नाव माहीतच असावं लागतं?