अनुभव धागा: परमुलखात दुखणं सांगताना

मुलांकडे कायमचे गेलेले आईबाबा, स्वतः तिकडे स्थायिक झालेली मंडळी, नाहीतर बाहेरून पुण्यात आलेले, भाषेपायी तब्येतीची काय आबाळ झाली ते लिहा. अमेरिकेतल्या पाहण्यांत इंग्रजी कच्चं असलेले प्रौढ स्वतःची प्रकृती 'बरी नाही' असं जास्त सांगतात. (त्यात वय, पैसा, विमा हेही आलंच.) कुणी औषधं सुचवू नका, प्लीज.

कोथरूडची लेक: सासूबाई आता आमच्याकडे टोरांटोला असतात. पुण्यात उपाशीपोटी साखर १४० आली की गोड बंद करायच्या. इथल्या यंत्रावर ७.८ दिसलं, तर खूश होऊन वाटीभर शिरा खाल्ला! इथे मोजमाप मिलिमोलमध्ये. १८ ने गुणलं की आपला आकडा. आता फ्रीजवर मराठीत कागद लावलाय: '४ च्या खाली आली तर लगेच साखर खा आणि मला हाक मार.'

जर्सीकर: आईचा दुभाषी मीच. डॉक्टरांनी काहीही विचारलं तरी ती म्हणायची, 'काही नाही रे, थकवा आहे.' एकदा नर्सने मला बाहेर बसवलं आणि फोनवर मराठी बोलणारी बाई जोडून दिली. पाळी जाऊन पंधरा वर्षं झालेली आणि महिनाभर अंगावरून रक्त जात होतं! मुलासमोर ती हे कसं बोलणार? लगेच सोनोग्राफी, बायोप्सी झाली; वेळेत कळलं. अमेरिकेत सरकारी निधी घेणाऱ्या दवाखान्यांना दुभाषी फुकट द्यावा लागतो, २०१० च्या आरोग्य कायद्याचं कलम १५५७. अपॉइंटमेंट घेतानाच मागा, आणि 'मराठी' असं स्पष्ट सांगा, नाहीतर हिंदीवाला जोडतात.

वाकडचा साइट इंजिनिअर: आमच्याकडच्या ओडिशाच्या एका कामगाराला टीबी निघाला. गोळ्या फुकट मिळाल्या. सहा महिने घ्यायच्या, हे त्याला मराठीत सांगितलेलं; त्याने मान डोलावली. खोकला थांबला तशा गोळ्याही थांबल्या. पुन्हा खोकला सुरू झाल्यावर गावाकडच्या मुकादमाने ओडियात समजावलं, तेव्हा कुठे गडी म्हणाला, 'हे आधी कुणी बोललंच नाही.'

धागाकर्ती: जर्सीकर, आई आता कशा आहेत?

जर्सीकर: ठणठणीत. मला अजूनही बाहेरच बसवते.

पेठेतला किवी: माझं इंग्रजी फर्डं आहे हो, पण ऑकलंडला डॉक्टरची फी बघितली की हळद-दूधच बरं वाटतं.