मदत हवी: टॅट मार्गात प्रथिन पार होताना प्रोटॉन गळून का जात नाहीत?

राम राम मंडळी. नांदेडला एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सेमिनारला टॅट मार्ग (घडी झालेली प्रथिनं पेशीच्या पटलापार नेणारी वाट) घेतला आणि एका जागी घोडं अडलंय.

सेक मार्ग, म्हणजे प्रथिनं पटलापार नेणारी दुसरी वाट, कळतो. प्रथिन उलगडलेलं असतं, सेक-ए हे ढकलणारं प्रथिन एटीपी (पेशीचं इंधन) खर्चून ते अरुंद वाटेतून ढकलतं. टॅटमध्ये मात्र प्रथिन पेशीद्रवातच घडी होऊन, कधी मोलिब्डेनमचा को-फॅक्टर (कामाला लागणारा जोड-रेणू) पोटात घेऊनच निघतं. सिग्नल पेप्टाइडमधली (प्रथिनाच्या टोकाचा पत्ता सांगणारा तुकडा) लागोपाठची दोन आर्जिनिन ही अमिनो आम्लं पटलातली टॅट-बी-सी प्रथिनं ओळखतात, मग टॅट-ए प्रथिनं गोळा होतात. एटीपी लागत नाही, पटलावरच्या प्रोटॉनच्या दाबावर भागतं.

आता सांगा, 70 अँगस्ट्रॉमपर्यंत रुंद प्रथिन जाईल एवढं भोक पडलं तर तो दाबच उतरायला पाहिजे ना? नोट्समध्ये टॅट-एचं गोल कडं आणि मधून बाण, बस्स. सर म्हणतात पुढं चल, पण परीक्षक इथंच धरणार!

उत्तर १
ते कडं कायमचं नसतं. माल आला की टॅट-ए जमतात, काम झालं की पांगतात. टॅट-एची पटलातली हेलिक्स (पिळदार भाग) फार आखूड, साधारण 15 अमिनो आम्लांची. अशा बऱ्याच एकत्र आल्या की तेवढ्या जागी पटल पातळ होऊन प्रथिन घुसतं, हे एक मत. मालाच्या मापाचं भोक तयार होतं, हे दुसरं. वाद मिटलेला नाही, स्लाइडवर दोन्ही टाक.

आणि फुकट काही होत नाही बरं का. क्लोरोप्लास्टच्या थायलॅकॉइडमधल्या (आतल्या पटलाच्या पिशव्या) टॅटचं 2003 साली मोजमाप झालं: एका प्रथिनामागे सुमारे 79,000 प्रोटॉन खर्च, म्हणजे 10,000 एटीपीच्या तोडीची ऊर्जा. ई. कोलाय या जिवाणूमध्ये या वाटेनं जाणारी प्रथिनं तीसच्या आसपासच, म्हणून परवडतं.

उत्तर २
जीएफपीचा (घडी नीट झाली तरच हिरवं चमकणारं प्रथिन) प्रयोग दाखवच. टॅटचा सिग्नल जोडला की सूक्ष्मदर्शकाखाली पेशीची कड हिरवी दिसते. सेकनं पाठवलं तर बाहेर नीट घडी होत नाही, चमकत नाही.

धागाकर्ता
दादा, 79,000 चा आकडा भारी! कड्याची स्लाइड काढायलोय. अजून एक: अर्धवट घडीचं प्रथिन टॅट अडवतं म्हणे, ते कशावरून?

उत्तर १
फो-ए (अल्कलाइन फॉस्फटेज एन्झाइम) बघ. त्याची घडी धरून ठेवणारे डायसल्फाइड बंध पेशीद्रवात जुळत नाहीत, म्हणून टॅट त्याला घेत नाही. पेशीद्रव ऑक्सिडायझिंग केलेल्या स्ट्रेनमध्ये बंध जुळतात आणि तेच प्रथिन पार होतं.