वाड्याचा ग्रुप : झडीचा चौथा दिवस

वहिनी, ८:१२
सगळ्यांना नमस्कार. कोणाला लागलं तर माफ करा, पण आज बोलतेच. बाळाची दुपटी रात्री ओसरीतल्या तारेवर टाकली होती. आता काढायला गेले तर बाजूला फवारणीचा शर्ट. ओला. त्याचं पाणी दुपट्यावर टपकून राहिलं होतं. दुपटं नाकाला लावलं तर औषधाचा वास.

काकू, ८:१५
निळा शर्ट का? तो धुतलेला हाय.

वहिनी, ८:१६
धुतला असेल काकू, मी नाही कुठे म्हणते. पण वास गेला नाही. बाळ दोन महिन्यांचं आहे.

काकू, ८:१९
चार दिवसांपासून झड लागली. ऊन नाई, वारा नाई. माह्या घरचे कपडे मी कुठं टाकू? तार सगळ्यांची हाय. का ज्यांच्या घरी लेकरू त्यांचीच?

मोठी आई, ८:२०
🌺 शुभ सकाळ 🌺 सर्वांचा दिवस आनंदाचा जावो

आत्या (आर्वी), ८:२२
ते तार काढा.

काका, ८:२५
परवा दुपारी दोन घंटे उघाड पडली, म्हून घाईघाईनं फवारा मारला. औषध कपाशीवर मारलं बाप्पा, लेकरावर नाई.

दादा, ८:३१
काका, २०१७ विसरले का? आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली. औषध नाकातोंडातूनच जाते असं नाही, कातडीतूनही जाते. अंगावरचा ओला शर्ट म्हणजे औषधाचा पोतेराच. बाळाची कातडी केवढीशी!

काका, ८:३३
आता तू मले शिकवशील. वीस वर्षं झाली फवारून राह्यलो.

दादा, ८:३६
शिकवत नाही काका. तुमच्या हाताले खाज सुटते ते काकूच सांगत होत्या. फवारणीचे कपडे घरात आणायचेच नाहीत. अंगणात वेगळी बकेट ठेवा. आधी साध्या पाण्यात दोनदा खंगाळा, मग गरम पाणी न् साबण. ते पाणी विहिरीकडे सोडू नका. ती बकेट दुसऱ्या धुण्याला घ्यायची नाही आणि धुणाऱ्यानं हातमोजे घालायचे.

काकू, ८:३८
हातमोजे कोण आणून देते? धुते तर मीच.

दादा, ८:३९
मी आणतो. आजच.

मोठी आई, ८:४१
माह्या मशीनमध्ये फवारणीचे कपडे टाकाचे नाई, आधीच सांगून ठेवते. मांगं कोणीतरी टाकले होते.

काकू, ८:४२
कोणीतरी म्हणजे कोण? नाव घ्या न.

मोठी आई
_हा मेसेज डिलीट केला आहे_

जावई (अकोला), ८:४४
आमच्याकडे झड लागली की सासूबाई बंगईवर कपडे वाळवतात. बसायला गेलं की पँट ओली 😄

आत्या (आर्वी), ८:४५
ते तार काढा. लोखंडी हाय.

मोठे बाबा, ८:४९
तार मी आणली. टिनं टाकले तेव्हाची हाय. वाकळ टाकली तरी लोंबत नाई. दोरी दोन महिन्यात तुटते.

आत्या (आर्वी), ८:५८
भाऊ, मजबूत हाय ते मले माहीत हाय. मागच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी मीच त्या तारेवर वाकळ टाकली होती. अनवाणी होती, ओसरी पूर्ण ओली. वाकळ तारेले लागली न् कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या, हात मागंच येईना. वाकळ घसरून खाली पडली म्हून सुटली. तुम्ही सगळे बैल सजवून राह्यले होते. मी सांगतलं तर म्हणाले, पाण्यानं हात आखडला असन. तवापासून सांगून राह्यली, तार काढा.

छोटू (वर्धा), ९:०३
आत्या, हे मला आज कळून राहिलं. थांबा सगळे. मीटरपासून ओसरीच्या बोर्डाकडे जाणारी वायर अजून टिनावरूनच आहे का?

मोठे बाबा, ९:०४
हो.

छोटू (वर्धा), ९:०८
आणि तार त्याच टिनाच्या लोखंडी पाइपाला बांधली आहे. वायरचं वरचं प्लॅस्टिक उन्हानं तडकते. पाऊस आला की करंट टिनात, टिनातून पाइपात, पाइपातून तारेत. ओला कपडा हातात, पाय ओल्या जमिनीवर. अजून काय पाहिजे? महावितरणवाले दर पावसाळ्यात सांगतात, विजेच्या खांबाला, टिनाला तार बांधून कपडे वाळवू नका.

काका, ९:०९
करंट असता तर एमसीबी पडली असती.

छोटू (वर्धा), ९:११
नाही पडत काका. एमसीबी शॉर्ट झाला किंवा लोड जास्त झाला तर पडते. थोडा करंट टिनात उतरला तर तिला कळतच नाही. त्याच्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते, म्हणजे थोडा करंट गळला तरी लाइन तोडणारं स्विच. ती आपल्याकडे नाही. माणूस मरायला तेवढा थोडा करंटही पुरतो.

वहिनी, ९:१२
म्हणजे मी आता सकाळी बाळाला कडेवर घेऊन दुपटं काढलं ते

छोटू (वर्धा), ९:१२
वहिनी, तारेजवळ जाऊ नका. कोणीच जाऊ नका. लेकरं आत घ्या. मेन बंद करा आधी.

दादा, ९:१४
मी शेतात आहे. काका, तुम्ही पाहा.

काका, ९:२६
चप्पल घालून गेलो. मेन पाडाच्या आधी टेस्टर लावला. मिणमिण पेटून राह्यला. खोटं नाई सांगत, माह्या हाताले घाम फुटला. मेन पाडलं, टेस्टर विझला. तार पकडीनं कापली.

छोटू (वर्धा), ९:२७
मेन बंद केल्याशिवाय जवळ जायचंच नव्हतं काका. असो. पाइपालाही हात नको. मी रविवारी वायर घेऊन येतो, तोवर ओसरीचा बोर्ड मेनपासून तोडूनच ठेवायचा. गावातल्या वायरमनला आज बोलवा, तो तोडून देईल. मग घरातली लाइट लावा.

मोठी आई, ९:३०
मंग कपडे कुठं वाळवाचे? घरात दोन बकेटी धुणं हाय. परवाच्या चादरीले आंबूस वास सुटला.

वहिनी, ९:३५
नायलॉनची दोरी दोन सागवानी खांबांना बांधू, टिनापासून लांब. दोन कपड्यांत चार बोटं जागा सोडायची. एकावर एक टाकले की आतला ओलाच राहतो, वास त्याचाच. जाड कपडे झडीत धुवायचेच नाहीत. बाळाचे मी खोलीत पंख्याखाली टाकीन, वरून इस्त्री.

जावई (अकोला), ९:३६
कूलर लावा पाणी न टाकता. मस्त वाळतात.

छोटू (वर्धा), ९:३८
तुमचा प्लॅस्टिकचा आहे जावईबापू. वाड्यातला टिनाचा आहे, अर्थिंग पाहिल्याशिवाय लावायचा नाही.

आत्या (आर्वी), ९:४०
तार काढली का?

काका, ९:४१
काढली ताई. फोटो टाकतो. तेव्हाच ऐकाले पायजे होतं तुह्यं.

काकू, ११:२०
लाइट आली. वायरमन येऊन ओसरीचं कनेक्शन तोडून गेला. दुपटी मी गरम पाण्यात पुन्हा धुतली, माह्या खोलीत पंख्याखाली हायेत. निळा शर्ट गोठ्यातल्या खुंटीले टांगला. सूनबाई, तिथलं झबलं तुह्यंच का? ते पन धुतलं.

वहिनी, ११:२२
हो काकू, माझंच. येते घ्यायला.

काकू, ११:२३
ओलं हाय अजून. दुपारी ये. बाळाले पन आण.

मोठे बाबा, ११:३१
दोरी किती मीटर लागन?